आधी ताट, मग सही

गार्डियन या शब्दाचा अर्थ मी दरवर्षी अकरावीच्या वर्गाला सांगते आणि दरवर्षी अर्धवट सांगते. नांदेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. पुस्तकात दिलंय तेवढं फळ्यावर लिहिते: पालक, रक्षक, अज्ञान मुलाची कायद्यानं जबाबदारी घेणारा. पोरं ते वहीत उतरवून घेतात आणि दोन मार्कांना एवढं पुरतंही. पण वर्गाबाहेर पडताना मला हटकून लिंबाजीकाका आठवतात आणि आपण पोरांना अर्धपोटी उठवलं असं वाटत राहतं.

लातुरात हा शब्द इंग्रजी राहिलेलाच नाही. दहावीचा निकाल लागला की सगळ्या मराठवाड्यातली पोरं अकरावी-बारावीच्या क्लाससाठी तिथं येऊन उतरतात. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी, प्लास्टिकची बादली आणि पेटी उचलायला घरचं एक माणूस. ऑटोवाला म्हणतो, पोरगं मागं बसू द्या, गार्डियन पुढं या. मेसवाली सांगते, पैसे गार्डियननं भरायचे. मग तो मामा असो, शेजारी असो की गावातला मास्तर असो, स्टँडवर उतरला की तो गार्डियन. त्यातही लोकल गार्डियन हे प्रकरण वेगळं. हॉस्टेलच्या फॉर्मवर त्याची सही लागते. तो लातुरातच राहणारा हवा, पक्क्या पत्त्याचा हवा आणि हॉस्टेलनं बोलावलं की अर्ध्या तासात हजर होणारा हवा. असा माणूस ज्याच्याकडं नाही, त्याच्या पोराला खोली नाही.

लिंबाजीकाका असे एकशे त्रेचाळीस पोरांचे लोकल गार्डियन होते. आकडा मी मनानं सांगत नाही. फॉर्मला दोन फोटो लागायचे, काका तिसरा मागून घ्यायचे आणि ऑफिसच्या एका जुन्या डायरीत खळीनं चिकटवायचे. फोटोखाली नाव, गाव आणि पोराला काय खायला आवडत नाही ते. माझ्या फोटोखाली 'दोडका' लिहिलेलं आहे.

ते पाटबंधारे खात्यात शिपाई होते. गाव आमचंच, अहमदपूर तालुक्यातलं. गावात आमचं घर मारुतीजवळ आणि त्यांचं पार दुसऱ्या टोकाला, बौद्धवाड्यात. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी धम्म घेतला आणि त्याच दिवशी गावकीची कामं टाकली. त्याचा राग गावानं पुढं वीस वर्षं काढला. कधी विहीर बंद, कधी मजुरी बंद. लिंबाजीकाका रोज आठ किलोमीटर चालून मॅट्रिक झाले, नोकरीला लागले आणि लातुरात दोन खोल्यांचं घर बांधून तिथलेच झाले. पहिली सही त्यांनी सख्ख्या भाच्यासाठी केली. मग वाड्यातल्या इतर पोरांसाठी. आणि मग एका जूनमध्ये, ज्यांनी त्यांच्या बापाला विहिरीवरून हाकललं होतं त्यांच्यातलाच एक जण नातवाचा फॉर्म घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला, कारण सबंध लातुरात त्याच्या ओळखीचं दुसरं कुणी नव्हतं.

काकांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. फक्त एक रीत घालून दिली. आधी ताट, मग सही. पोराच्या बापानं काकांच्या घरात मांडी घालून जेवायचं, हात धुवायचे, आणि त्यानंतर पेन उघडायचं. पुष्कळांनी खाल्लं. भाकरी मोडताना कुणाचा हात अडखळला असेल, कुणी डोळे मिटून गिळलं असेल, पण खाल्लं. मजा अशी की गावात परतल्यावर एकानंही ते कबूल केलं नाही. अर्ध्या गावाचे बाप त्या घरी जेवून आले होते आणि प्रत्येकाला वाटायचं, ही गोष्ट आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

माझा नंबर लागला २००५ साली. माझे वडील शेषेराव, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वीस एकर जमीन, पांढरंशुभ्र धोतर आणि ताठ मान. गावात ते काकांना नुसतं 'लिंबाजी' म्हणायचे, तेही मर्जी असली तर. वयानं काका सहा वर्षांनी मोठे, तरी अरेतुरेच. त्या दिवशी बसमध्ये मात्र अण्णा तोंडातल्या तोंडात 'लिंबाजीराव, लिंबाजीराव' असं घोकत होते. गरज पडली की माणसाला व्याकरण सुचतं. दुसऱ्या दिवशी बारा वाजेपर्यंत फॉर्म दिला नाही तर खोली दुसऱ्या मुलीला जाणार होती. खोली गेली म्हणजे लातूर गेलं, आणि लातूर गेलं म्हणजे मी गावातच राहून पुढच्या वर्षी लग्नाच्या बाजारात उभी. हे मला सोळाव्या वर्षीही स्वच्छ कळत होतं.

काकांनी दारातच "या शेषेराव" म्हटलं. काकांच्या वडिलांना आमच्या आजोबांना 'मालक' म्हणावं लागायचं. अण्णांच्या कपाळावरची शीर तेवढ्यानं हलली. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली सतरंजी. आतून धुरपताकाकूंनी दोन ताटं आणली. धुरपताबाई म्हणजे काकांची बायको, ठेंगणी, कमी बोलणारी आणि कायम कशाच्या ना कशाच्या घाईत. अण्णांनी ताटाकडं पाहिलं आणि म्हणाले, "माझा उपास हाय आज."

बुधवार होता. सकाळी अहमदपूरच्या स्टँडवर त्यांनी माझ्यासमोर दोन प्लेट भजी खाल्ली होती आणि शर्टाच्या खिशावर तेलाचा डाग अजून ओला होता. काकांची नजर त्या डागावर गेलेली मी पाहिली. काकू मात्र उपासाचं ऐकून खरोखरच कानकोंड्या झाल्या. त्या घरात कुणी उपास करत नव्हतं. त्या चप्पल घालून बाहेर पडल्या, कोपऱ्यावरच्या दुकानातून पावशेर भगर घेऊन आल्या, चूल नव्हे, स्टोव्ह पेटवला, शेंगदाणे कुटले. अर्धा तास आम्ही तिघं स्टोव्हचा आवाज ऐकत बसलो. भगर आणि शेंगदाण्याची आमटी घेऊन काकू बाहेर आल्या तेव्हा अण्णा म्हणाले, "निर्जळी हाय. पाणी बी चालत न्हाई."

मला त्या क्षणी बापाची लाज वाटली. आजवर ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, आता सांगते. काकू ताट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"शेषेराव," काका म्हणाले, "ज्याच्या घरचं पाणी चालत न्हाई, त्याच्या हवाली पोरगी कशी करायलात?"

अण्णा उठले आणि बाहेर गटारीच्या कडेला जाऊन उभे राहिले. मी मात्र बसून राहिले. भूक लागली होती हे खरं, पण नुसती भूक नव्हती. मी माझं ताट संपवलं आणि मग काकूंच्या हातातलं उपासाचं ताटही मागून घेतलं. भगर मी चाटूनपुसून खाल्ली. काकू पुन्हा वाढायला वाकल्या, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात धुऊन आले तोवर काकांनी पेन उघडलं होतं. अण्णांना हाक मारून ते म्हणाले, सही तुमच्या पोरीच्या ताटावर व्हायली, तुमच्या न्हाई. सही झाली. पण सहीखाली एक रकाना होता, 'विद्यार्थ्याशी नाते'. तो काकांनी भरला नाही. तो तुमचा, तुम्ही भरा, म्हणून फॉर्म पुढं सरकवला. अण्णांनी मग भरतो म्हणून घडी घातली. तो रकाना शेवटी हॉस्टेलच्या कारकुनानं भरला, 'ओळखीचे'.

पुढची दोन वर्षं दर रविवारी अकराच्या सुमाराला हॉस्टेलच्या खालून आरोळी यायची, "आरती, गार्डियन!" काका सायकलवर यायचे. हँडलला धपाट्यांची पिशवी. इतर मुलींचे गार्डियन मार्क विचारायचे, क्लासची हजेरी विचारायचे. काका आधी नखं बघायचे, मग चपलेचा अंगठा, आणि मग तीनच प्रश्न: जेवलीस का, झोपलीस का, रडलीस का. तिसऱ्या प्रश्नाला हो म्हटलं तर कारण विचारायचे नाहीत, अर्धा तास जास्त बसायचे. तेवढ्या अर्ध्या तासासाठी मी दोन-तीनदा खोटंच हो म्हटलं होतं.

एकदा मात्र मी खरंच पिशवी भरून स्टँडवर गेले. फिजिक्सच्या चाचणीत चाळीसपैकी चार पडले होते. रेक्टरबाईंनी काकांच्या ऑफिसला फोन केला. काका आले आणि बाकावर माझ्याशेजारी बसले. अहमदपूरची एक गाडी गेली. दुसरी गेली. ते शेंगा सोलून माझ्या हातावर ठेवत होते. तिसरी लागली तेव्हा म्हणाले, हिच्यानं जावं वाटत असंल तर तिकीट मी काढतो, पण बापाला मी सांगणार न्हाई, तू सांगायचं. तिसरी गाडीही गेली. त्या दिवशी त्यांनी मला ओढून नेलं असतं तर मी पुन्हा पळाले असते. आज मी फळ्यापुढं उभी आहे ती त्या बाकामुळं. फिजिक्स काही आलं नाही, इंग्रजी आलं.

अण्णा त्या दोन वर्षांत महिन्याला एकदा यायचे, हॉस्टेलच्या फाटकातच भेटायचे आणि फाटकातूनच परत जायचे. गावात कुणी विचारलं तर गार्डियन म्हणून 'लातूरचे एक ओळखीचे साहेब' असं सांगायचे. मी रागानं एकदा म्हटलं, साहेब नाहीत, शिपाई आहेत, लिंबाजीकाका आहेत. आईनं मला आत नेलं.

तीन वर्षांपूर्वी धुरपताकाकू गेल्या. त्यांची मुलगी लुंबिनी नांदेडलाच असते, तिनं मला कळवलं. मी गेले. अण्णांना गावी फोन केला तर म्हणाले, गुडघे दुखतात. गुडघे खरंच दुखत होते, पण त्याच आठवड्यात ते औशाला एका लग्नाला गेले होते. मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही.

आणि या जूनमध्ये माझ्या भावाच्या, बजरंगच्या मुलाला, शिवमला लातुरात प्रवेश मिळाला. हॉस्टेल नवीन, काचेचं, फाटकावर अंगठा लावायचं मशीन, हजेरीचा मेसेज मोबाईलवर. पण फॉर्म तोच आणि रकानाही तोच. माझ्या ओळखीचे आता लातुरात दहा प्राध्यापक आहेत. मी त्यातलं एक नाव सुचवलं, तर जेवता जेवता अण्णा म्हणाले, "लिंबाजी हाय की." मी मुद्दाम म्हटलं, ते आधी जेवायला घालतात, ठाऊक आहे ना? अण्णा म्हणाले, ठाऊक हाय. वय झालं की जुना काटा जास्त सलतो की काय, मला माहीत नाही. चार दिवसांनी मी नांदेडहून निघाले, अहमदपूरला अण्णा त्याच एसटीत चढले आणि आम्ही वीस वर्षांनी पुन्हा त्याच रस्त्याला लागलो. या खेपेला अण्णांनी स्टँडवर चहासुद्धा घेतला नाही. पोट रिकामं ठेवूनच निघाले होते.

शिवम क्लासच्या परीक्षेला बसला होता, म्हणून फॉर्म आमच्याकडं होता. काका घरी एकटेच. मुलगा आनंदराज पुण्याला, काका जायला तयार नाहीत. दुपारचा डबा मेसमधून येतो. तो नुकताच आलेला, स्टुलावर होता. मला पाहून त्यांनी आधी माझी नखं बघितली आणि मग चष्मा पुसून मागं कोण आहे ते पाहिलं. मी कामाचं सांगितलं. काका म्हणाले, मी सह्या बंद केल्या. आता मेसेज येतात, ते मला वाचवत न्हाईत, हॉस्टेलवाल्यांना म्हातारा गार्डियन नको असतो. आवाजात राग नव्हता, पण आग्रह करायला जागाही नव्हती. मी अण्णांकडं पाहिलं. मला वाटलं, आता हे सुटका झाल्यासारखे उठतील.

अण्णांनी दाराबाहेर चपला काढल्या. भिंतीला धरून, एक गुडघा आधी, मग दुसरा, असे ते सतरंजीवर खाली बसले आणि मांडी घातली. म्हणाले, "लिंबाजीदादा, आज माझा उपास न्हाई."

काकांनी स्टुलावरच्या डब्याकडं पाहिलं.

"वाढणारी गेली, शेषेराव."

"मला यायला पायजे होतं."

"पायजे होतं," काका म्हणाले. त्यांनी त्यावर पांघरूण घातलं नाही. हो का, असू द्या, झालं गेलं, यातलं एक अक्षर बोलले नाहीत. मग उठले, तीन ताटल्या घेतल्या आणि एका माणसाचा डबा तिघांत वाटला. दीड भाकरी, वांग्याची भाजी, चिमटीएवढा ठेचा. अण्णांच्या ताटलीत अर्धी भाकरी आली. ती त्यांनी सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली, ताटलीतच पाणी ओतून प्यायले, आपल्याकडं जुनी माणसं पितात तसं. मी त्यांच्याकडं न बघता जेवत होते.

हात धुतल्यावर काकांनी फॉर्म मागितला. सगळा वाचला आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. "मागच्या बारीला हे तुमच्या हातनं रिकामं राहिलं होतं. गावात जे बोलता येईल ते लिवा. बोलता येत न्हाई तर राहू द्या रिकामं."

अण्णांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं आणि खिशातून मोबाईल काढला. बजरंगचं गावात खताबियाण्याचं दुकान आहे. दुपारी तिथं निम्मं गाव बसलेलं असतं. अण्णांनी विचारलं, दुकानात कोण कोण हाय? बजरंगनं अमृतराव, मन्मथअप्पा, आणखी चार-पाच नावं सांगितली. अण्णा फोनवर कायम ओरडूनच बोलतात, तसंच बोलले, "त्यांना सांग, मी लातूरला लिंबाजीदादाच्या घरी जेवलो. भाकर अन् वांग्याची भाजी." पलीकडं बजरंग गोंधळला. बरं, पण काम काय आहे, म्हणाला. अण्णा म्हणाले, काम काही न्हाई, एवढं सांग. फोन ठेवून त्यांनी रकान्यात लिहिलं, 'आजोबा'. त्यांचं अक्षर मुळात वाईट. काकांनी ते चष्मा वरखाली करून दोनदा वाचलं आणि खाली पूर्ण नावानं सही केली. हॉस्टेलच्या मेसेजसाठी मी माझा नंबर दिला. निघताना काकांनी तिसरा फोटो मागून घेतला. डायरीत एकशे चव्वेचाळिसावी जागा आधीपासून मोकळी होती. शिवमला काय आवडत नाही, असं त्यांनी विचारलं, तर अण्णांना सांगता येईना. विचारून कळवतो म्हणाले.

परतीच्या गाडीत अण्णांना खिडकी दिली. लातूर मागं पडलं, रस्त्याकडेची सोयाबीनची रानं सुरू झाली. मला वाटलं त्यांचा डोळा लागला. तर मान न वळवता त्यांनी विचारलं, "त्या दिशी धुरपताबाईनं भगर केली होती. ती कशी झाली होती गं?"

मी वीस वर्षांत कितीदा काय काय सुनवायचं ठरवलं होतं. त्यातलं काही आलं नाही. जे होतं ते सांगितलं.

"अळणी होती. साधं मीठ उपासाला चालतं का न्हाई, हे तिला ठाऊक नव्हतं. तुमचा उपास मोडू नये म्हणून तिनं मीठच घातलं नव्हतं."

अण्णांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला. चाकूर गेलं, शिरूर गेलं. अहमदपूर आलं तरी सोगा तसाच होता.